समुद्रकांठच्या गांवांची पारख



पृथ्वीचें हवामान तापत चाललें आहे आणि समुद्राची पातळी चढत आहे, ही वार्ता आतां कोणाला नवी राहिलेली नाहीं. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटरांनीं, म्हणजे जवळजवळ एका वितीनें वाढली, असें शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२१ सालच्या अहवालांत नमूद केलें आहे. त्या काळाच्या अखेरच्या बारा वर्षांत तर ही वाढ वर्षाला ३.७ मिलिमीटर या वेगानें झाली. आंकडा ऐकून शहरांतला गृहस्थ म्हणेल, "एवढेंच ना?" परंतु ज्याचें शेत भरतीच्या पाण्याहून खालीं आहे, त्याला बुडविण्यास वीतभर पाणी पुरेसें होतें. म्हणून समुद्र किती चढला, एवढेंच विचारून भागत नाहीं. त्याच्यापुढें कोणतें गांव किती कच्चें आहे, हेंहि पाहावें लागतें. ही पारख कशी करावी, याविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

एक रीत नकाशाची. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रानें देशाच्या किनाऱ्याचे असे नकाशे तयार केले आहेत. किनाऱ्याची उंची, उतार, होणारी झीज, लाटांची उंची, भरती-ओहोटींतील अंतर, अशा गोष्टींना गुण देऊन कोणता भाग किती धोक्यांत आहे, तें त्यांत दाखविलेलें असतें. काम मोलाचें आहे, यांत शंका नाहीं. परंतु मुलांना गुण देण्यांत माझा जन्म गेला, त्यामुळें गुणांच्या बेरजेवर माझा विश्वास बेताचाच आहे. बेरजेंत सारखे ठरलेले दोन विद्यार्थी सारखे नसतात, गांवेंहि नसतात.

रायगड जिल्ह्यांत पेण-अलिबागकडे खाडीकांठच्या खारजमिनी पाहा. मातीचा बांध घालून खाडीचें पाणी बाहेर अडवावयाचें, आणि पावसाचें सांचलेलें पाणी ओहोटीच्या वेळीं उघाडींतून सोडून द्यावयाचें, अशी ही शेती. बांधाला खांड पडली कीं खारें पाणी भातशेतांत शिरतें, व जमिनींतलें मीठ धुऊन जाण्यास दोन-तीन पावसाळे लागतात. पूर्वीं या बांधांची डागडुजी गांवकरी 'जोळ' पद्धतीनें करीत. ज्याचें शेत आंत, त्याच्या घरचा माणूस बांधावर. खांड पडली कीं पुढचें उधाण येण्यापूर्वीं ती बुजविण्याची घाई सर्वांनाच असे. १९४८ सालीं मुंबई प्रांतांत खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ सालीं महाराष्ट्राचा झाला, आणि खारबंदिस्तीचा भार सरकारी खात्याकडे गेला. पक्का बांध मिळाला, पैसा मिळाला, हा लाभ नाकारण्याजोगा नाहीं. पण जोळाची पद्धत मागें पडली, आणि तरुण मंडळी कारखान्यांत व मुंबईला गेली. आतां खांड पडल्यावर अर्ज जातो, अंदाजपत्रक होतें, मंजुरीची वाट पाहावी लागते. तोंवर शेतांत तिवरें उगवतात. तिवरें तोडण्यास कायद्यानें मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु तें शेत मग शेतकऱ्याच्या हातीं परत येणें कठीण होऊन बसतें. सारख्याच उंचीचीं दोन गांवें घ्या. एक आठवड्यांत खांड बुजवितें, दुसरें दोन वर्षें वाट पाहतें. नकाशांत दोघांचा रंग एकच!

खाडी सोडून आतां दक्षिणेस, उघड्या समुद्राकडे वळूं. ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकलें, आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली या बाजूच्या नारळी-पोफळीच्या बागा कांहीं तासांत आडव्या झाल्या. येथें घाव वाऱ्याचा होता, समुद्राच्या पातळीचा नव्हता. भात बुडालें तर गोड्या जमिनींत पुढल्या वर्षीं पुन्हां पेरतां येतें. पोफळ लावल्यापासून फळ धरीपर्यंत सहा-सात वर्षें जातात. सरकारनें फळबागांसाठीं हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर केली. आतां त्रैराशिक मांडा. हेक्टराचे गुंठे सुमारें १००. बाग पांच गुंठ्यांची. हातीं आले २,५०० रुपये. आडवीं झालेलीं झाडें कापून बाहेर काढण्याच्या मजुरीला तरी ते पुरावे काय? पुढें नारळ-सुपारीला झाडागणिक मदत देण्याचें ठरलें, तें याच हिशेबामुळें. अशा बागाइतदाराचें दुबळेपण किनाऱ्याच्या उंचींत नसून त्याच्या गुंठ्यांत आहे, हें मोजणाऱ्याला आधींच कळावयास हवें होतें.

बागाइतदाराच्या नांवें सात-बाराचा उतारा तरी असतो. कोळीवाड्यांत बांबूंवर बोंबील व वाळूवर जवळा वाळविणाऱ्या बाईच्या नांवें काय असतें? अवकाळी पावसाची एक सर आली कीं तिचा माल कुजतो. पण ना शेत, ना होडी, मग पंचनामा कशाचा करावयाचा? मदतीच्या याद्या उताऱ्यांवरून होतात, म्हणून सर्वांत आधीं पोळणारें घर यादींत येतच नाहीं. माझ्या मतें या साऱ्या विषयांतील हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो दूर करण्यास उपग्रहाची गरज नाहीं, गांवांत चार दिवस राहण्याची आहे. विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यांत मचूळ होतें, वादळाच्या रात्रीं म्हाताऱ्या माणसांना कोणत्या पक्क्या घरांत नेतात, खांड पडली तर पहिला फावडा कोण उचलतो, हें तेथल्या माणसांखेरीज कोण सांगणार?

आपणांपैकीं पुष्कळांचीं मूळ घरें कोंकणांत आहेत, व गणपतीला आपण तेथें जातांच. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पौर्णिमा असते. त्या एक-दोन दिवसांत उधाण मोठें असतें, आणि आपल्या या किनाऱ्यावर तें दुपारीं बारा-एकच्या सुमारास भरतें. गांवाला खारबांध असेल, तर मुंबईची गाडी एक दिवस उशिरा पकडावी, गांवांतल्या एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन बांधावर जावें, आणि पाणी माथ्यापासून किती खालीं थांबलें तें मोजून तारखेसह ग्रामपंचायतींत लिहून द्यावें.