अनशापोटी लसणाची पाकळी

बीपीची गोळी सुरू झाली, की शेजारपाजाऱ्यांकडून एक सल्ला हमखास येतो: सकाळी अनशापोटी लसणाची पाकळी खात जा. सल्ला देणारा वर असंही सांगतो, की आपल्या जुन्या ग्रंथांत हे लिहूनच ठेवलंय. सल्ल्यात थोडं तथ्य आहे. ग्रंथांची गोष्ट मात्र भलतीच रंजक आहे, म्हणून आधी ती सांगतो.

काराकोरमच्या वाटेवर अँड्र्यू डॅल्ग्लिश या स्कॉटिश व्यापाऱ्याचा खून झाला होता. त्या खुन्याच्या मागावर हॅमिल्टन बॉवर नावाचा ब्रिटिश लेफ्टनंट चिनी तुर्कस्तानात हिंडत होता. १८९० साली कुचा गावात त्याने भूर्जपत्रांवर लिहिलेली एक जुनी पोथी विकत घेतली. ती कोलकात्याला रुडॉल्फ हर्न्ले या संस्कृतच्या अभ्यासकाकडे पोचली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ती पोथी बरीचशी वैद्यकाची निघाली आणि तिचा आरंभच लसणाच्या स्तुतीने झालेला. आज ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

पोथी सांगते, की असुरांच्या राजाने अमृत प्यायलं, विष्णूने त्याचं मुंडकं उडवलं आणि जमिनीवर सांडलेल्या रक्तातून लसूण उगवला. म्हणून ब्राह्मणांनी तो खायचा नाही. पण गुण तर हवेत! त्यावर तोडगाही पोथीतच आहे. गाईला तीन रात्री जवळजवळ गवताविना ठेवायचं, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणाची पात असा चारा घालायचा. त्या गाईचं दूध, दही, तूप, ताक ब्राह्मणाने खुशाल घ्यावं. चातुर्मास लागण्याआधी कांदेनवमीला कांदा-लसणावर आडवा हात मारणाऱ्या आपल्या मंडळींना ही युक्ती नक्की पटेल. लसणाच्या उत्सवाचंही वर्णन पोथीत आहे. त्यात घरांच्या दारांवर लसणाच्या माळा लावायच्या.

खोकला, त्वचारोग, मंदावलेली भूक अशा किती तरी तक्रारींवर पोथी लसूण सुचवते. पण तिच्यात बीपी कसं असणार? दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचं साधन इटलीतल्या रिवा-रोचीने दिलं १८९६ साली, आणि स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा आकडा ऐकण्याची रीत रशियातल्या कोरोत्कोव्हने सांगितली १९०५ साली. जे तेव्हा मोजताच येत नव्हतं, ते उतरवल्याचं श्रेय पोथीच्या पदरात टाकायचं काही कारण नाही. तिचं मोठेपण त्यावाचूनही अडत नाही.

आता पाकळीकडे वळू. सोललेल्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. खलबत्त्यात एक घाव बसला, की झणका उठतो. पेशींमध्ये वेगवेगळी राहणारी दोन द्रव्यं ठेचल्यावर एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. १९४४ साली अमेरिकेत चेस्टर कॅव्हॅलिटो यांनी ते वेगळं काढलं. लसणातल्या अशा गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून पाकळी पाण्याबरोबर अख्खी गिळण्यात अर्थ नाही. न ठेचता थेट फोडणीत टाकली, तर उष्णतेने अ‍ॅलिसिन बनण्याची क्रियाच थांबते. ठेचून दहाएक मिनिटं तशीच ठेवली, तर काही गुण टिकतो.

आणि उतार किती? ऑस्ट्रेलियातल्या कारिन रीड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, त्यांचा वरचा आकडा सरासरी आठेक आणि खालचा सातेक अंकांनी उतरला. हा उतार दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण तिथे बहुतेक लोकांनी ठरलेल्या मात्रेची लसणाची पूड किंवा अर्क आठवडेच्या आठवडे घेतला होता. आपली लसणाची चटणी कुणी अशी तोलून दिली नव्हती. शिवाय चटणीत मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. भाकरीबरोबर गोळाभर चटणी खाऊन बीपी उतरेल, ही आशा मला भाबडी वाटते.

तेव्हा लसूण आवडीने खा, पण त्याच्या भरवशावर बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर रोज लसूण खात असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. लसणाने रक्त गोठायला वेळ लागू शकतो.