शाळेच्या दप्तराचे राखणदार

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, निवृत्त होत असलेल्या मुख्याध्यापिका व वरिष्ठ लिपिक यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



माझ्यापेक्षा ज्येष्ठ शिक्षक व्यासपीठावर बसलेले असताना चार शब्द बोलण्याचे काम माझ्याकडे आले, याचा मला संकोच वाटतो. पण कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव खुद्द भाऊसाहेबांनी घातले आहे, आणि त्यांनी एकदा केलेली नोंद खोडता येत नाही हे शाळेत सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या शाळेच्या दारात संगमरवरी पाटी आहे. ज्यांनी जमीन दिली, ज्यांनी खोल्या बांधून दिल्या, त्यांची नावे तिच्यावर आहेत. ती असावीतच. अल्लाह त्यांना त्याचा अजर देवो. परंतु दान देऊन इमारत उभी राहते, शाळा उभी राहते असे नव्हे. शाळा रोज सकाळी उघडावी लागते. हजेरी मांडावी लागते, पगारपत्रक वेळेवर पाठवावे लागते, अनुदानाच्या प्रस्तावातील त्रुटी दूर कराव्या लागतात, शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीच्या आत जावे लागतात. हे काम करणाऱ्यांची पाटी कोणी लावत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलावयाचे ठरविले आहे.

नोंद नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. त्या काळात उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला आपल्या घरात आसरा दिला, आणि त्यांच्या घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबत कामाला उभ्या राहिल्या, असे आपण अभिमानाने सांगतो. सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. माझ्या माघारी तिच्यावर कामाचा भार पडत असेल, अशा अर्थाची ती ओळ आहे. त्या एका ओळीवर आपण किती विसंबून आहोत पहा! कोणत्या वर्गाला शिकवले, किती मुली होत्या, हे सांगणारे हजेरीपत्रक हाती असते, तर या बाईंविषयी आज वाद घालण्याची कोणाची छाती झाली नसती.

दुसरे उदाहरण आपल्या कोल्हापूरचे. छत्रपती शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली. त्यांत १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. दसरा चौकातली मुस्लिम बोर्डिंगची इमारत तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. येथे बसलेल्या कित्येकांचे आजोबा तेथे राहून शिकले. पुढे १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. भाषणांतून हा दंड फार सांगितला जातो. मला मात्र नेहमी वाटते, दंड करायचा तर आधी कोणाच्या घरी शाळेच्या वयाची किती मुले आहेत हे ठाऊक हवे. म्हणजे कोणीतरी गल्लीगल्लीतून हिंडून यादी केली असणार. हुकूम महाराजांचा, पण तो खरा झाला त्या यादी करणाऱ्यांच्या पायांनी.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो.

भाऊसाहेब आपल्या जमातीचे नाहीत, ते लिंगायत. पण या शाळेत ३४ वर्षे काढल्यावर आमच्यापैकी काहींपेक्षा चांगली दखनी बोलतात, आणि कोणाचे नाव बागवान गल्लीत काय व कागदावर काय हे त्यांना तोंडपाठ आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण कोणी विसरलेलो नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. ज्याने त्याने आपले धान्य, जनावरे, भांडीकुंडी हलवली. भाऊसाहेबांच्या स्वतःच्या घरात कमरेइतके पाणी होते. तशा रात्री हा माणूस शिपाईमामांना घेऊन शाळेत आला. पहिल्यापासूनची सगळी जनरल रजिस्टरे खताच्या रिकाम्या पोत्यांत घातली, तोंडे सुतळीने बांधली आणि दोघांनी डोक्यावरून मशिदीच्या माडीवर नेऊन ठेवली. सकाळी कार्यालयातील टेबले तरंगत होती. आम्ही शिक्षक नंतर चिखल काढायला आलो आणि संगणक गेला म्हणून हळहळलो. भाऊसाहेब म्हणाले, "संगणक दुकानात मिळतो."

त्यांचे म्हणणे किती खरे होते हे दोन वर्षांनी कळले. आपल्या गावातील एका फळविक्रेत्याची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला फार्मसीला जायचे होते. तुम्हाला माहीत आहे की १९९४ च्या शासन निर्णयाने आपल्यातील बागवान, तांबोळी, पिंजारी इत्यादी अनेक जमातींना इतर मागासवर्गाच्या सवलती मिळाल्या. परंतु दाखला काढायचा आणि त्याची पडताळणी करावयाची तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्याकडे जुन्या नोंदीत बहुतेक ठिकाणी नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. त्या मुलीच्या बापाजवळ एकही जुना कागद नव्हता. त्याने आशा सोडली होती. भाऊसाहेबांनी मशिदीच्या माडीवरून परत आणलेली रजिस्टरे काढली आणि दोन दिवस पाने उलटून तिच्या आजोबांचे नाव शोधले. कोणा जुन्या मास्तरांनी शाईच्या टाकाने सुंदर वळणदार अक्षरांत लिहिले होते, ‘मुसलमान बागवान’. त्या एका जादा शब्दाने नात आज फार्मसीच्या शेवटच्या वर्षात आहे. ते मास्तर कोण, हे कोणाला सांगता येत नाही. त्यांना मात्र या शब्दाचे पुढे काय होणार याची कल्पनाही नसेल. त्यांनी फक्त विचारून लिहिले, अंदाजाने लिहिले नाही.

आणि मी अंदाजाने लिहिले. ती गोष्ट आज मी सांगणार आहे, जरी बाईंनी मला सांगू नको म्हटले असले तरी.

तेरा वर्षांपूर्वी मी नवीन होतो. जूनमध्ये पाचवीच्या प्रवेशाचे काम माझ्याकडे दिले होते. बाहेर गर्दी, पावसाची भुरभुर, आणि मला घाई. एका मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाचे नाव ‘महंमदहनीफ’ असे जोडून होते. बापाने तोंडाने ‘हनीफ’ सांगितले, मी ‘हनीफ’ लिहिले. दाखला समोर होता, पण पाहिला नाही. तेच नाव पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर गेले. मुलगा धावण्यात पटाईत. विसाव्या वर्षी भरतीला गेला, मैदानावर उतरला, वैद्यकीय तपासणीतही उतरला, आणि कागद तपासण्याच्या टेबलावर अडला. आधारवर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरे. दुरुस्त करून या म्हणाले. मूल शाळेत असेपर्यंत नाव दुरुस्त करणे सोपे असते. शाळा सोडल्यावर काय यातायात पडते ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच विचारा. दुरुस्ती होईतो त्याचे वय उलटले. आज तो सांगलीला मालवाहू गाडी चालवतो. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून मला सलाम करतो. त्याने किंवा त्याच्या वडिलांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि मला तेच सोसत नाही.

तेव्हापासून मी भाऊसाहेबांच्या टेबलाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. शिक्षक लोक कार्यालयीन कामाला कारकुनी म्हणून नाक मुरडतात. मीही मुरडत होतो. हल्ली तर विद्यार्थ्यांचा आधार क्रमांक जुळला तरच तो संचमान्यतेत धरला जातो. म्हणजे नावात एका काना-मात्रेचा फरक असेल, तर मूल आपल्यासमोर बाकावर बसलेले असूनही मोजले जात नाही. आणि अशी मुले वाढली की एका शिक्षकाची जागा जाते.

बाईंची गोष्ट वेगळी. त्यांचे काम कागदावर कमी आणि उंबऱ्यावर जास्त. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात म्हटले होते की ६ ते १४ वयाच्या मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. आपण तो आकडा वर्तमानपत्रात वाचला आणि हळहळून ठेवून दिला. बाईंना तो सातवीच्या वर्गात दरवर्षी दिसत होता. परीक्षा झाली की मुलींचे पालक दाखला मागायला येत. तर भाऊसाहेब दाखला देण्याआधी म्हणायचे, "बाईंना भेटून या." बाई त्या दिवशी भेटत नसत, कारण त्या त्याच पालकाच्या घरी गेलेल्या असत, त्याच्या आईशी बोलायला! हे नियमाला धरून होते की नाही, हे मी व्यासपीठावरून सांगणार नाही. पण या घरभेटींतून त्यांना एक गोष्ट कळली. पालक म्हणत "जमाना खराब आहे", "लांब पडते", पण आया वेगळेच सांगत. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. वयात आलेली मुलगी दिवसभर पाणी न पिता वर्गात बसे. बाईंनी संस्थेच्या सभेत मागणी केली की नवीन संगणककक्षाचे पैसे आधी इकडे वळवा. त्या सभेत आवाज चढले होते. आपल्या काही आदरणीय सभासदांना हा विषय बाईमाणसाने सभेत काढावा हेच पटले नाही. अध्यक्ष साहेब आता हसत आहेत, म्हणजे त्यांना आठवते. शेवटी कडी बसली, पाणी आले, आणि गेल्या वर्षी सातवीतून एकाही मुलीचा दाखला शिक्षण थांबविण्यासाठी गेला नाही.

मुलांचे दुखणे निराळे. इचलकरंजी जवळ असल्यामुळे नववी-दहावीतला मुलगा यंत्रमागावर कांड्या भरायला जातो आणि आठवड्याला रोख पैसे आणतो. घरात त्या पैशाची गरज असते, हे नाकारून चालणार नाही. बाईंनी उपदेश केला नाही. संस्थेच्या हॉलमध्ये जानेवारीपासून रात्री ८ ते १० अभ्यासिका सुरू केली, आणि कामावरून थेट येणाऱ्यांसाठी चहा-पाव ठेवला. चहाचा खर्च शिक्षकांनी वाटून घेतला. पहिल्या वर्षी मुले चहासाठी आली, हे मीही मान्य करतो.

शिष्यवृत्तीविषयी एक खुलासा करणे भाग आहे, कारण कार्यालयात रोज विचारणा होते. केंद्र सरकारची अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ पासून पहिली ते दहावीला मिळत होती. २०२२ साली ती पहिली ते आठवीसाठी बंद करण्यात आली. तेव्हा पाचवी-सहावीच्या पालकांनी भाऊसाहेबांवर रागावू नये. त्यांनी पैसे अडवलेले नाहीत.

३१ मे रोजी दोघेही नियमाप्रमाणे निवृत्त होत आहेत. बाईंच्या जागी आपल्याच शाळेतल्या ज्येष्ठ बाई येतील. भाऊसाहेबांच्या जागेवर नवीन लिपिक मिळेपर्यंत जुन्या रजिस्टरांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे देण्याचे संस्थेने ठरविले आहे. भाऊसाहेबांनी संध्याकाळी येऊन मला काम शिकविण्याचे कबूल केले आहे, मोबदला विचारला तर त्यांना राग आला.

आठवी आणि नववीच्या पालकांना विनंती, की येत्या सोमवारपासून शाळा सुटल्यावर तासभर मी कार्यालयात बसणार आहे. मुलाचा जन्मदाखला आणि आधार घेऊन या. आईवडिलांनी स्वतः यावे, शेजाऱ्याबरोबर पाठवू नये. नाव एकदा तुमच्यासमोर मोठ्याने वाचीन, आणि मगच दहावीच्या फॉर्मवर जाईल. तोंडी सांगितलेले मी आता लिहून घेत नाही.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.