घरचे म्हातारे मांजर आजारी पडते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात मांजरावर भाषण, हे पत्रिकेत वाचून काहीजणींनी तोंडाला पदर लावला असेल. पण गेल्या वर्षभरात आपल्यापैकीच तिघीचौघींनी मला कधी जिन्यात, तर कधी भाजीवालीपाशी थांबवून एकच प्रश्न विचारला आहे. "तुमच्या ठमीचं तुम्ही काय केलंत, आणि कसं ठरवलंत?" ज्यांच्या घरी म्हातारे जनावर आहे त्यांच्यावर ही वेळ आज ना उद्या येतेच. म्हणून चिटणीसबाईंचा आग्रह मी मानला.

ठमी आमच्याकडे १६ वर्षे होती. शेवटच्या वर्षी ती पाणी फार पिऊ लागली. मांजराची जात मूळची कोरड्या प्रदेशातली, थोड्या पाण्यावर भागवणारी. तेव्हा म्हातारे मांजर सारखे वाटीपाशी दिसू लागले, तर ती तब्येत सुधारल्याची खूण समजू नये. वजनही सव्वाचार किलोवरून तीनवर आले होते. पशुवैद्य डॉक्टरीणबाईंनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासला. क्रिएटिनिन ३.८ निघाले. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, चारपैकी तिसरी पायरी.

हा विकार म्हाताऱ्या मांजरांत फार आढळतो. मूत्रपिंडाला कामापेक्षा पुष्कळ जास्त शक्ती निसर्गाने दिलेली असते. त्यामुळे साधारण तीन चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन सहसा वाढत नाही. जो भाग गेला तो परत येत नाही. उरलेल्यावरचा भार हलका करणे, एवढेच माणसाच्या हाती असते. डॉक्टरीणबाईंनी हे आडपडदा न ठेवता सांगितले, याचे मला बरे वाटले.

घरी मात्र तीन तोंडे झाली. कन्येचे म्हणणे, "आई, तिला दवाखान्यातच ठेवू. नळीने अन्न देऊ, लागेल ते करू." वन्सं म्हणाल्या, "म्हातारपण आहे ते. सुया टोचून हाल करू नका, आणि ते झोपवण्याचं इंजेक्शन तर मुळीच नको. मांजर मारल्याचं पाप फेडायला काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं!" शेजारच्या काकूंनी विचारले, "अहो, मांजरापायी एवढा पैसा?" आमचे हे काहीच बोलले नाहीत. ठमीला मांडीवर घेऊन बसून राहिले.

मैत्रिणींनो, तिघींच्याही बोलण्यात तथ्य होते. म्हणून मी कागदावर चार प्रश्न लिहिले आणि डॉक्टरीणबाईंकडे नेले. या उपचाराने ठमीला बरे वाटेल, की केवळ दिवस वाढतील? तो घरी करता येईल का? महिन्याला खर्च किती? आणि उपचार थांबवायची वेळ आली हे आम्ही कशावरून ओळखायचे?

उत्तरे मिळाली तशी वाट दिसू लागली. दवाखान्यातला पिंजरा, परकी माणसे आणि कुत्र्यांचे भुंकणे याने ठमी अर्धी झाली असती. म्हणून दवाखान्यात ठेवायचे नाही, असे ठरले. पण काहीच करायचे नाही, हेही बरोबर नव्हते. तिची मळमळ थांबवता येत होती. वाढलेला रक्तदाब गोळीने उतरवता येत होता, नाही तर अशा मांजराची दृष्टी एकाएकी जाते. फॉस्फरस कमी असलेले खास अन्न मिळत होते. आणि एक दिवसाआड कातडीखाली १०० मिलिलिटर सलाइन देणे आम्हाला शिकता येण्यासारखे होते. हे तिला धरून बसत आणि मी मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घाली. पहिल्या दिवशी माझाच हात कापत होता. आठवड्यात सवय झाली. खर्च महिन्याकाठी साडेतीन हजारांच्या आसपास येई. तेवढा आमच्या पेन्शनीत बसत होता. ज्यांच्या बसत नसेल त्यांनी तो आकडा डॉक्टरांना मोकळेपणी सांगावा. त्यात लाज कसली? आहे त्या पैशात जनावराला जास्तीत जास्त आराम कसा मिळेल, हे डॉक्टरच सांगू शकतात.

चौथ्या प्रश्नाला डॉक्टरीणबाईंनी एक सोपी पद्धत दाखवली. डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी ती २००४ साली मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. एकूण पस्तिसाच्या वर असेल तर उपचार पुढे चालवण्यात अर्थ आहे. आम्ही याच्या जोडीला भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज खूण करत असू. चांगला दिवस तर टिंब, वाईट दिवस तर फुली. डोळ्यांपुढची माया वजनातला फरक पाहू देत नाही. कॅलेंडर खोटे बोलत नाही.

सात महिने टिंबेच जास्त होती. ती उन्हात बसे, रात्री पायथ्याशी निजे, मासळीचा वास आला की ओट्यापाशी येई. आठव्या महिन्यात फुल्या वाढल्या. मग तिने अन्न सोडले, अंग चाटून पुसणे सोडले आणि कपाटामागे जाऊन बसू लागली. गुण पंधरावर आले. सलाइन वाढवून आणखी चार दिवस मिळतील, पण ते असेच जातील, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही पुष्कळ बोललो. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेने तळमळत होते. ते वाचण्यासारखे नाही, असे कळल्यावर गांधीजींनी त्याला इंजेक्शन देववून त्याच्या यातना संपवल्या आणि 'नवजीवन'मध्ये तसे उघड लिहिले. त्यांना रागाची पत्रे पुष्कळ आली. अहिंसेला वाहून घेतलेल्या माणसालाही हा प्रश्न टाळता आला नाही, हे मी वन्संना सांगितले. त्या पटले म्हणाल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई घरी आल्या तेव्हा त्या आपणहून ठमीच्या उशाशी येऊन बसल्या. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले. ती गाढ झोपल्यावर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा दिली. श्वास सावकाश थांबला. वन्संनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुटली गं बाई."

आपण बायका घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याला उशाशी बसतो. मुक्या जिवांसाठी कायदा व्हावा म्हणून राज्यसभेत विधेयक आणणारी व्यक्तीही एक स्त्रीच होती. रुक्मिणीदेवी अरुंडेल. त्यातूनच १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा झाला. जनावर सांभाळणाऱ्याने त्याला अनावश्यक यातना होऊ देऊ नयेत, हे कर्तव्य त्या कायद्यात लिहिले आहे. उपचार न करणे ही जशी यातना, तसा आपल्याला सोडवत नाही म्हणून उपचार लांबवणे हीसुद्धा यातनाच.

आता जाता जाता कामाच्या तीन गोष्टी. मांजराला आपली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. एका गोळीनेही ते दगावते. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर 'उपास करील आणि बरे होईल' म्हणून थांबू नका. त्याच्या यकृतात चरबी साचते आणि जिवावर बेतते. आणि दहा वर्षांपुढच्या मांजराचे रक्त, लघवी आणि रक्तदाब वर्षातून एकदा तरी तपासून घ्या.

कोणाच्या घरी किती उपचार करायचे, हे दुसऱ्याने सांगू नये. पण ठरवताना प्रश्न जनावराच्या बाजूने विचारावा. मला काय सोसेल यापेक्षा त्याला काय सोसवते, हे आधी पाहावे. मग ठरेल ते मनाला खात नाही, एवढे मी अनुभवाने सांगते. सलाइन द्यायला कोणाला शिकायचे असेल तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते.