लंपी : जोडी मोडते तेव्हा



४ ऑगस्ट २०२२ ला आपल्या रावेर तालुक्यातल्या चिनावलला लंपी सापडला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद पडले.

ही करणी नाही, कोप नाही. हा शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या जातकुळीतला विषाणू आहे. म्हणूनच शेळ्यांच्या देवीची लस तेव्हा गाईबैलांना टोचली. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड त्याला या गोठ्यातून त्या गोठ्यात नेतात.

ताप आला, अंगावर गाठी उठल्या, की जनावर वेगळं बांधा. शेण-मूत साचू देऊ नका. लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. मेलेलं जनावर नाल्यात टाकू नका, खोल पुरा. माणसाला हा रोग होत नाही.

आता हिशेब. २०२२ साली सरकारनं मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये ठरवले. २५ हजारांत औताचा बैल मिळतो का, ते बाजारात विचारा. एक बैल गेला की दुसराही दावणीलाच बसतो. पेरणी भाड्याच्या औतावर जाते. तेही नुकसानच. म्हणून पंचनामा करून घ्या आणि भरपाई जोडी धरून मागा. ही भीक नाही, आपलं येणं आहे.