आपली सोसायटी आणि येरवड्यातलं एक घर
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला गृहकर्ज मिळालं, कारण आपल्याकडे पगाराची स्लिप होती. आपल्याच सोसायटीत कामाला येणाऱ्या, येरवड्याच्या वस्तीतल्या एका बाईंचा अर्ज मात्र मीच परत केला. जागेचा कागद नव्हता ना!

पुढे २००९ च्या सुमारास केंद्राच्या ‘बीएसयूपी’ योजनेतून तिथे वस्ती न उठवता, जुन्या गल्ल्या तशाच ठेवून, मोडक्या घरांच्या जागी २७० चौरस फुटांची पक्की घरं उभी राहू लागली. ‘महिला मिलन’च्या बायका दारोदार फिरल्या, नकाशे समजावले. खर्चाचा दहा टक्के वाटा कुटुंबाचा. या बाईंनी तो थोडाथोडा करून पूर्ण भरला. (आपल्या मेंटेनन्सची थकबाकी सेक्रेटरींना विचारा!)

वास्तुशांतीला त्यांनी मला आग्रहाने बोलावलं. त्या अर्जाचं त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही.