‘प्रणोदक’ या शब्दाचा अर्थ व उपयोग



अग्निबाणाचा पाठ देताना आपण सहज ‘इंधन’ म्हणून जातो. तेथे ‘प्रणोदक’ हा शब्द अधिक नेमका आहे. संस्कृत ‘नुद्’ म्हणजे ढकलणे. त्यास ‘प्र’ उपसर्ग लागून प्रणोदक, म्हणजे पुढे लोटणारा पदार्थ.

चुलीतील लाकडास प्राणवायू हवेतून मिळतो. बंदुकीच्या काळ्या दारूत मात्र कोळसा व गंधक यांजबरोबर शोरा असतो, आणि प्राणवायू तोच पुरवितो. अग्निबाणही आपला प्राणवायू बरोबर नेतो. म्हणून तो निर्वात अवकाशातही चालतो.

आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या कापसाचेही या विषयाशी नाते आहे. १८४६ मध्ये शेनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर आम्लांची क्रिया करून स्फोटक कापूस बनविला. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये त्यापासून धूरविरहित दारू सिद्ध झाली. महाराष्ट्रात भंडारा येथील आयुध निर्माणीत प्रणोदके तयार होतात.

फवाऱ्याच्या डब्यातून औषध बाहेर लोटणारा दाबाखालील वायूही प्रणोदकच. तेथे ज्वलन नाही. तेव्हा शब्दाचा गाभा ‘जळणे’ नसून ‘लोटणे’ हा होय.

दिवाळीपूर्वी विद्यार्थ्यांस एवढे अवश्य सांगावे : न उडालेल्या फटाक्यांतील दारू काढून गोळा करू नये. तिचा प्राणवायू तिच्यातच असल्याने पेटल्यावर माती टाकून ती गुदमरत नाही. असे फटाके मोठ्या माणसांकरवी पाण्यात भिजवावेत. शब्दाचा अर्थ नीट कळला, तर एखाद्या मुलाचे डोळे वाचतील.