साओ पाउलोतील जेवणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि अशी उभी राहून बोलण्याची मला सवय नाही. परंतु चिटणीसबाईंनी हट्टच धरला की, तुम्ही दक्षिण अमेरिकेत राहून आलात, तर तिकडचे चार शब्द सांगा. नद्या-डोंगर सांगणारे पुष्कळ आहेत. मी आपली जेवणाचे सांगते. त्या खात्यात माझी बावीस वर्षांची नोकरी झाली आहे!

2024 साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी ब्राझील देशात साओ पाउलो शहरी तीन महिने होते. मेहुणे तिथे नोकरीला आहेत. शहर मुंबईसारखेच अफाट. 2022 च्या शिरगणतीत एक कोटी चौदा लाखांवर माणसे भरली. कॉफीच्या मळ्यांवर कामाला म्हणून इटलीतून आणि जपानमधून लोक आले ते तिथलेच झाले, त्यामुळे खाण्याचे प्रकार किती म्हणून सांगावे! बहीण म्हणाली, "ताई, एकदा मूल झाले की उंबरा ओलांडायला मिळणार नाही. आत्ताच चार ठिकाणी जेवून घेऊ."

आधी एक रीत सांगते. तिथे मोठ्या हॉटेलात बायकांपुढे ताट आधी येते. मेहुणे थांबलेले, आणि माझ्यापुढे वाफाळलेले ताट! घरी मी सर्वांचे आटोपल्यावर बसते, तेही उरलेसुरले सावरीत. पहिल्या दिवशी मला घासच उतरेना. दुसऱ्या वेळी मात्र उतरला, आणि तिसऱ्या वेळी तर मी वाटच पाहत होते.

पहिले हॉटेल तेरासो इतालिया. 1967 पासून ते एका उंच इमारतीच्या एकेचाळिसाव्या मजल्यावर आहे. रात्री खाली दिव्यांचा सडा पडलेला दिसतो. जेवण इटालियन पद्धतीचे, चांगले होते. पण खरे सांगू का, त्या दिवशी डोळेच जेवले.

त्यानंतरच्या एका ठिकाणाचे नाव मी घेत नाही. मी मांस-मासे खात नाही म्हटल्यावर वाढप्याने खांदे उडवले आणि गाजर, फरसबी, फुलकोबी उकडून आणून ठेवली. बिल मात्र पुरते! वर सेवेचे शेकडा दहा. तिथे हे दहा बिलातच धरलेले असतात. नको म्हणता येते, पण सहसा कोणी म्हणत नाही. आरंभी पाव-लोणी ठेवतात, त्याचेही वेगळे पैसे. (पावाला ते 'पांव'च म्हणतात. तो शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, आणि त्यांनाही त्यांनीच.)

'दॉम' हे फार नावाजलेले. आलेक्स आताला या गृहस्थांनी ते 1999 साली काढले. त्यांचे म्हणणे असे की, फ्रान्स-इटलीची नक्कल कशाला, आमच्या अमेझॉनच्या रानात काय कमी आहे? ताडाच्या जातीच्या झाडाचा कोवळा गाभा शेवयांसारखा चिरून ते वाढतात. तो तोंडात शहाळ्याच्या मलईसारखा लागला. अननसाच्या फोडीवर रानातली मुंगी ठेवण्याचा त्यांचा प्रकारही प्रसिद्ध आहे. ती म्हणे गवती चहासारखी लागते. लागो बापडी! मात्र तिथे माणशी जे पैसे पडले, त्यांत आमच्या घरी दोन महिन्यांचे वाणसामान येते. ते मनात टोचत राहिले.

'मानी' हे हॉटेल मला त्याच्या नावासाठी आवडले. मानी ही तिकडच्या आदिवासींच्या कथेतली लहानगी मुलगी. ती वारली, आईबापांनी तिला घरातच पुरले, आणि त्या जागी एक झाड उगवले. त्याचा कंद म्हणजे मांदिओका. भगिनींनो, हा कंद तुम्ही सगळ्या ओळखता. आपला उपासाचा साबुदाणा त्याचाच! पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून आपल्या देशात आणला; आज तमिळनाडूत सेलमकडे त्याचे कारखाने आहेत. काजूही तिकडचाच. माझे माहेर वेंगुर्ल्याचे. तिथे बोंडूंचे ढीग कुजताना मी पाहिले आहेत. साओ पाउलोत त्याच बोंडूचा रस पेल्यातून देतात.

हे 'मानी' हेलेना रिझ्झो या बाईंनी 2006 साली उभे केले. 2014 साली त्यांना जगातली उत्तम बल्लवी म्हणून मान मिळाला. 2024 साली तो याच शहरातल्या जानाईना तोरेस यांना मिळाला. सरकारी शाळांत मुलांचे जेवण रांधणाऱ्या बायकांना या तोरेसबाईंनी शिकवले आहे. रांधणाऱ्या बाईचे नाव वर्तमानपत्रात छापून येते, हे मला नवलच वाटले. आपल्याकडे नाव होते ते कोणाची सून म्हणून.

शेवटी मेहुणे आम्हांला शहराच्या उत्तर टोकाला, व्हिला मेदेइरोस वस्तीत 'मोकोतो'मध्ये घेऊन गेले. मोकोतो म्हणजे गायीच्या पायाचा रस्सा! नाव ऐकून मी दारातच थबकले. पण पोटुशी बहीण रांगेत ताटकळली होती, म्हणून आत गेले, आणि तळणाची कढई वेगळी आहे ना, हे तिच्याकडून विचारून घेतले. उत्तरेकडच्या दुष्काळी मुलखातून आलेल्या एका माणसाने 1973 साली काढलेले हे दुकान. पुढे त्याचा मुलगा रोद्रिगो ऑलिव्हेइरा याने ते नावारूपाला आणले. तिथे बशीत आले साबुदाण्याचे चौकोनी तुकडे, खरपूस तळलेले, आत चीज, सोबत तिखट-गोड पाक. गरिबाचा कंद, पण तो खायला मोटारीतून आलेली माणसे रांगेत उभी होती, आणि वाढणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर संकोच म्हणून नव्हता. सगळ्या जेवणांत मला हे उजवे वाटले, आणि दॉमच्या मानाने बिल अगदीच थोडे.

आपल्या मंडळात आपण साबुदाणा वड्याच्या ऑर्डरी घेतो. दर सांगताना आपला आवाज खाली जातो, आणि गिऱ्हाइकाने नुसते नाक मुरडले तरी आपण दोन रुपये उतरवतो. पुढच्या सभेत दराचा विषय निघेल तेव्हा मी गप्प बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता कृती. साबुदाणा मिक्सरवर भरड काढावा, तितकेच चीज किसून घालावे, मीठ-मिरपूड घालून वर कढत दूध ओतावे आणि भराभर ढवळावे. ताटात थापून चार तास थंड होऊ द्यावे, मग वड्या पाडून तळाव्या. आज चहाबरोबर बशीत आहेत त्या याच. चीजऐवजी मी पनीर घातले आहे. तळण शेंगदाण्याच्या तेलातले आहे आणि हळदीचा हात कुठे लागलेला नाही, तेव्हा उपासवाल्यांनीही निःशंक घ्याव्यात.